लाल रेघेतली टिटवी

गनी मुलाण्याचा दिवस पहाटे चारला सुरू होई. घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. धरणाच्या भिंतीवरचा पहारेकरी चारचे टोल देई, त्याला तो उठे. पहिलं काम तेल गाळायचं. डिझेल तो जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळून घेई. एकदा गाळलं तरी चालतं, असं मी त्याला म्हणालो होतो.

"तुला चालतं कोंडिबा, इंजनाला न्हाई," तो म्हणाला.

मुळशीच्या तलावावर तेव्हा धरणाच्या कंपनीची एक लाँच होती. भिंतीपासून वरच्या अंगाच्या वाड्यांपर्यंत ती माणसं, धान्याची पोती, टपाल आणि कधी बकऱ्याही नेई. गनी तिच्या इंजिनावर होता आणि मी दोरावर. दोरावर म्हणजे लाँच काठाला लागली की उडी मारून दोर खुंटाला बांधायचा, निघताना सोडायचा आणि उथळ पाण्यात बांबू घालून तळ बघायचा. काम साधं दिसतं. ओला काथ्याचा दोर वर्षभर ओढून बघावा, मग साधं म्हणावं.

गनी पौडचा. बापाकडे गावची मुलाणकी, म्हणजे बकरी कापायचं वतन, होती. गनीने ती सोडून इंजिन धरलं. बायको हसिना आणि तो, दोघं कंपनीच्या चाळीत एका खोलीत राहत. गनी बिडी ओढत नसे. पौडच्या बाजारात सगळे चहाला बसले की हा बाहेर उभा राही. घरखर्च भागून पगारातलं जे उरे ते तो बाजूला टाकी. मला त्याचा पहिल्यापासून संशय होता. चोरीचा नव्हे. पण तरणा माणूस इतका हात आखडून राहतो तेव्हा त्याचं कुठंतरी काहीतरी चालू असतं.

चालू होतं ते असं. गनीचा मामा पुण्यात लष्कर भागात एका फोटो स्टुडिओत प्रिंटं काढायच्या कामावर होता. त्याच्याकडून गनीने एक जुना जर्मन कॅमेरा घेतला होता. त्याचं भिंग पिरगाळून काढता येई आणि दुसरं बसवता येई. त्या कॅमेऱ्याने गनी पाखरांचे फोटो काढायचा. माणसांचे नाही, देवळाचे नाही, लग्नाचेही नाही. लग्नाचे काढले असते तर चार पैसे मिळाले असते. हे मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

कॅमेऱ्याबरोबर आलेलं भिंग माणसांसाठी होतं. दगड भिरकावला तर पडेल तेवढ्या अंतरावरची टिटवी त्यातून मोहरीएवढी येई. फोटो मोठा केला की मोहरीची फुटकी ज्वारी होई, टिटवी होत नसे.

आणि गनीला टिटवीच पाहिजे होती. तीही एका विशिष्ट वेळची. वैशाखाच्या उन्हात टिटवी अंड्यांवरून उठते, पाण्यात जाऊन पोट भिजवते आणि परत येऊन त्या ओल्या पोटाने अंडी गार करते, असं त्याचं म्हणणं. मी तलावाकाठी जन्मलो. मी हे कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, थापा मारतो.

"भिजलेल्या पोटाखाली थेंब लोंबत असत्यात," गनी म्हणाला. "ते थेंब फोटूत आलं पायजेत. मंगच फोटू."

त्या वर्षी वैशाखात मामाने त्याला एका दुकानदाराकडून दोन भिंगं महिनाभर वापरायला मिळवून दिली. महिनाअखेरीला एक विकत ठेवून घ्यायचं, दुसरं परत करायचं. भाडं नाही, अनामत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचा मला नेहमी संशय येतो.

"त्यात दुकानदाराचा काय फायदा?" मी विचारलं.

"मामू त्याला वीस वर्सं गिऱ्हाईक धाडतोय. त्येच्या शब्दावर दिली."

"आन् काच फुटली तर?"

"म्हनून तर तुला धरू देत न्हाई," गनी म्हणाला.

एक भिंग हातभर लांब होतं, दुसरं वीतभर. लांब भिंगात टिटवी मोठी येई, पण उजेड कमी शिरे. उजेड कमी म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचा, आणि तेवढ्यात हात जरा हलला तरी पक्षी पुसल्यासारखा येई. म्हणून त्याला तीन पायांची तिवई लागे. तिवई सागवानी, वर पितळेचं डोकं. ती मी खांद्यावरून वाहिली आहे म्हणून सांगतो, चढाला ती खांद्यात रुते. आखूड भिंगात उजेड भरपूर शिरे, पडदा झटकन मिटे, हातात धरूनही काम होई. पण त्यासाठी पक्ष्याच्या जवळ जावं लागे, आणि टिटवी कोणाला जवळ येऊ देत नाही. माणूस लांबून दिसला तरी ती ओरडून सगळा तलाव उठवते. गनीचा कल लांब भिंगाकडे होता. कोणाचाही असता.

लाँचची सकाळची फेरी पळसेवाडीला संपे. परतीची फेरी दुपार कलल्यावर. मधला वेळ आमचा. पळसेवाडीचं जुनं गाव तलावाखाली आहे. आताची वाडी वर डोंगराच्या पोटाला. वैशाखात पाणी उतरलं की जुन्या भातखाचरांचे बांध उघडे पडत. खाचरांच्या खालच्या अंगाला गोट्यांचा एक सपाट पट्टा होता. बाकी सगळा काठ उभा आणि झाडीचा. टिटवीने अंडी घातली होती ती त्या पट्ट्यात. गनीने तिवई लावली तीही तिथेच, बांधाच्या कडेला.

त्या सुमारास भिंत उंच करणार, पाणी आणखी वर चढणार, अशी बोलवा होती. कुणी सोडली माहीत नाही.

परतीच्या फेरीत पळसेवाडीचा भैरू चढला. त्याला बोलल्याशिवाय बसवत नसे.

"गनीभाई, त्या नळकांड्यातनं काय दिसतं?"

"टिटवी."

"टिटवी बघाया तीन पायांचं घोडं लागतं व्हय? आमाला दोन डोळ्यांनी दिसती. रातीला तर कानांनीबी दिसती!"

लाँचमधली माणसं हसली. सारजाबाई हसली नाही. ती वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई. बकरीचं दावं हाताला गुंडाळून बसली होती.

"हसू नगासा," ती म्हणाली. "माज्या लग्नाच्या साली असलंच घोडं आलं हुतं. त्येचा सायबबी लई गोड बोलायचा."

भैरूने वळून तिवईकडे पुन्हा पाहिलं.

मामाने गनीला एक पद्धत शिकवली होती. आधी फिल्मवरून लहान लहान प्रिंटं काढायची. त्यांतलं बरं निवडून त्यावर लाल पेन्सिलीने चौकट आखायची. चौकटीतलं तेवढं मोठं करायचं, बाहेरचं सोडायचं. साप्ताहिक सुट्टीला गनी एस.टी.ने पुण्याला जाई आणि मामाच्या स्टुडिओत हे काम करी. पुढच्या आठवड्यात तो लाँच थांबलेली असताना इंजिनाच्या पेटीवर ही लहान प्रिंटं मांडून चौकटी आखत बसला होता. वाऱ्याने एक उडालं ते काठावर भैरूच्या पायाशी पडलं.

भैरूने उचललं. उलटंसुलटं केलं. त्यात टिटवी होती, पण ती शोधावी लागली असती. दिसत होते ते बांध, खाचरं आणि त्यांवरून ओढलेली लाल रेघ. भैरू काही बोलला नाही. प्रिंट खिशात घालून वर गेला. तो गप्प गेला तेव्हाच मी गनीला म्हणालो, आवर.

आवरायच्या आत बोलावणं आलं. चावडीपुढे माणसं जमली होती. कुशाबा मधे बसला होता. वाडीत शब्द त्याचा चाले. लहानपणी त्याने मोजणीवाले पाहिले होते. आधी तीन पायांचं यंत्र आलं, मग खडकांवर लाल रंगाच्या खुणा झाल्या, मग पाणी आलं. पळसेवाडीत हे तीन टप्पे शेंबड्या पोरालाही पाठ होते.

"ही रेघ तुजी?" कुशाबाने विचारलं.

"माजीच तात्या."

"ह्ये खाचर कुणाचं, ठावं हाय?"

"न्हाई."

"ठावं न्हाई आन् रेघ मारलीस?"

"रेघ खाचरावर न्हाई, टिटवीभवती हाय. ही बघा टिटवी." गनीने बोट ठेवलं. बोट उचलल्यावर कोणालाच काही दिसेना.

"ह्यो खडा हाय," भैरू म्हणाला.

"खडा न्हाई, टिटवी. भिंग लांबचं हाय, पर म्या लई लांब थांबलो हुतो."

"म्हंजी तीन पाय, नळकांडं, पुन्याच्या फेऱ्या, सगळं ह्या खड्यासाठी? पगारी मानूस तू. टिटवीसाठी कोन पगार घालवतं?"

गनी बाहीने घाम पुसत राहिला. मला मध्येच वाटून गेलं की खरंच कंपनीने याला नेमलं असेल तर? मी त्याच्याकडे नीट बघितलं. नेमलेला माणूस इतका घामाघूम होत नाही, असं मी धरून चाललो.

कुशाबाने निकाल दिला. तिवई चावडीत राहील. गनीने काठाला लाँच लावावी, माणसं घ्यावी, पण खाली पट्ट्यावर पाय ठेवायचा नाही. टिटवी खरी असेल तर तिचा पुरावा आणावा.

गनीला दुसरं काही नको होतं, तो पट्टा हवा होता. अंडी लवकरच फुटणार होती. पिल्लं निघाली की टिटवी ती जागा सोडते, मग पुढल्या वैशाखापर्यंत काही नाही. आणि पुढल्या वैशाखात वाडी त्याला उभं करील याचा भरवसा नव्हता.

सुट्टीच्या दिवशी तो पुण्याला गेला. स्टुडिओ त्या दिवशी बंद असे. लाल दिव्याच्या खोलीत तो सकाळपासून उभा होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. एकाच टिटवीचं प्रिंट पुन्हा पुन्हा काढलं. भर उन्हातला फोटो. पोटाचं पांढरं फटफटीत येई, खालची अंडी काळोखात जात. गनीने पुठ्ठ्याचा तुकडा तारेला लावून अंड्यांवर सावली धरली, म्हणजे तिथं कागद कमी काळा होतो. पोटाला उलट जास्त उजेड दिला, तेव्हा पिसं उमटली. कडेचे बांध नजर ओढत होते, ते चौकटीबाहेर टाकले. उरलेला कोपरा काळपट केला. मामा म्हणाला, डोळ्यात ब्रशने पांढरा ठिपका देतो, जिवंत दिसेल. गनी म्हणाला, "जे नव्हतं ते घालायचं न्हाई." नको असलेलं काढायला मात्र त्याची हरकत नव्हती. तिथेच तो फसला.

प्रिंट देखणं होतं. चोचीवरचा लाल भाग काळ्यापांढऱ्यातही कळत होता. ओले थेंब त्यात नव्हते, ती टिटवी नुसती अंड्यांवर उभी होती, पण टिटवी होती हे आंधळ्यानेही म्हटलं असतं. गनीने ते दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आणलं आणि चावडीत कुशाबाच्या हातात दिलं.

कुशाबाने बराच वेळ पाहिलं. मग लाल रेघेचं लहान प्रिंट मागवलं आणि दोन्ही शेजारी ठेवली.

"ह्यो धोंडा त्योच," तो म्हणाला. "टिटवी हाय, कबूल. पर खाचर कुटं गेलं?"

"ते कापलं, तात्या."

"कापलं?"

"टिटवी उठून दिसावी म्हनून."

"बांध?"

"त्योबी."

भैरू पुढे सरकला. "म्हंजी लाल रेघेच्या भायेरचं गेलं! म्या सांगत न्हवतो?"

माणसं उठली. एकदम गलका झाला. गनी सांगत होता की ते कागदावरून गेलंय, फिल्मवर आहे. कोणी ऐकत नव्हतं. मी त्याच्या आणि भैरूच्या मधे जाऊन उभा राहिलो. दोर ओढणाऱ्याचे खांदे तेवढ्या कामाला येतात.

सारजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने मोठं प्रिंट हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"एकदा पान्यानं नेलं," ती म्हणाली. "आता ह्यो नेतुया."

गनी तिच्यापुढे खाली बसला. "मावशी, तुमी चला. म्या कुटं उभा ऱ्हातो ते बघा. नळकांड्यातनं तुमीच बघा. खोटं निघालं तर कॅमेरा पान्यात टाका."

मला हे आवडलं नाही. भिंग दुकानदाराचं होतं.

कुशाबाने एवढ्यापुरती मोकळीक दिली आणि तिवई शेवटची म्हणून चावडीतून निघाली. ती मीच वाहिली. सारजाबाई, कुशाबा, भैरू, गनी आणि मी खाली पट्ट्यावर गेलो. ऊन कडक होतं. टिटवीने आम्हाला पाहून ओरड केली, घिरट्या घातल्या. बांधाआड बसायचं, हलायचं नाही, असं गनीने सांगितलं. भैरूला ते जड गेलं. हळूहळू टिटवी उतरली आणि अंड्यांवर बसली.

त्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागे. सारजाबाई वाकली.

"दिसतंया काय?" कुशाबाने विचारलं.

"गप."

मग टिटवी उठली. तुरुतुरु पाण्याकडे गेली, पाण्यात बसली, अंग हलवलं, उठली. परत आली. अंड्यांवर उभी राहिली आणि हळूच टेकली. मी साध्या डोळ्यांनी पाहिलं. ते थेंब मला दिसले नाहीत, पण पोट ओलं होतं. गनी खोटं बोलला नव्हता.

सारजाबाई मान काढेना. अखेर भैरू म्हणाला, "म्हातारे, आत शिरलीस का काय?"

तिने मान वर केली. "टिटवी हाय. पर ह्येच्यात समदं उलटं हाय. माजा बांध हिकडं हाय, आत तिकडं दिसतुया."

"आत आरसा हाय, मावशी."

"मंग फोटूत?"

"फोटूत सुलटं येतं."

"न कापता?"

"न कापता."

"मंग त्यो मला आनून दे. समदा. मला टिटवी नसली तरी चालंल."

भैरू हसला. कुशाबा हसला नाही. तो तिवईकडे बघत होता.

"गनी, तू खरा हायेस," तो म्हणाला. "पर ह्ये तीन पाय हितं नकोत."

"तात्या, त्याबिगर ह्ये नळकांडं थरथरतं. फोटू पुसला जातो."

"मंग नळकांडं नको. ऐक. आज तुला उभं ऱ्हाऊ दिलं. उद्या तुज्या मागनं दुसरा कोन तीन पाय घिऊन आला, तर त्येला काय म्हनून हटकायचं? त्यो म्हनंल, गनीला चालतं, मला का न्हाई?"

गनीने तिवईचे पाय मिटवायला घेतले. मलाही यात चूक काढता आली नाही.

"पोटावर झोप, गुडघ्यावर रांग, काय बी कर," कुशाबा म्हणाला. "जमिनीवर काय रोवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून गनीने आखूड भिंग लावलं. आता कष्ट सांगतो. हसिनाने भाताचं तूस भरून एक पिशवी शिवून दिली. तिच्यावर कॅमेरा टेकवला की तो बसे, हलत नसे. गनी पाठीवर गाळाने माखलेलं पोतं घेऊन पालथा पडे. पहिल्या दिवशी बराच लांब. टिटवी ओरडून दमली की तो तसाच पडून राही, पुढे जात नसे. दुसऱ्या दिवशी थोडा पुढे. परतताना तोंड तिच्याकडे ठेवून मागे सरकत यायचा, उभा राहायचा नाही. गोटे तापलेले असत. त्याच्या कोपरांची कातडी गेली, तिथे हसिना हळद लावी. इंजिनाचं काम चुकलं नाही. तेल दोनदा गाळणंही चुकलं नाही, मी लक्ष ठेवून होतो.

भैरूही लक्ष ठेवून होता. गनी उठून गेला की तो त्या जागी जाई. गाळात उमटलेल्या कोपरांच्या खड्ड्यांत बोट घालून बघे, आत खुंटी ठोकली आहे का.

"सापडली का रं?" मी लाँचवरून ओरडून विचारी.

"आज न्हाई," भैरू म्हणे.

अंडी फुटायच्या आधी गनी आखूड भिंगाला पुरेल इतका जवळ पोचला. टिटवी पाण्याकडून येताना त्याने बटण दाबलं. फिल्म धुऊन झाल्यावर त्याने ती मला उजेडात धरून दाखवली. फिल्मवर काळ्याचं पांढरं असतं, म्हणून मला कळेना. त्याने बोटाने दाखवलं. पोटाखाली तीन ठिपके होते.

प्रिंट काढताना त्याने चौकट आखली, पण लाल पेन्सिल वापरली नाही. कोपरेही काळे केले नाहीत. मामा चिडला म्हणे. त्याच फेरीत त्याने लांब भिंगाच्या फिल्मवरून सारजाबाईसाठी एक पूर्ण प्रिंट काढलं, बांध, खाचरं, पाणी, सगळं. सारजाबाईने ते हातभर लांब धरून पाहिलं आणि कुशाबाशी बांधावरून भांडण काढलं की हा वाकडा कोपरा तुझ्या बापाने ढकललेला आहे. कुशाबा म्हणाला, उन्हाची सावली आहे. तंटा अजून मिटलेला नव्हता तेव्हा आम्ही दोर सोडला.

महिना भरला. गनी दोन्ही भिंगं घेऊन पुण्याला गेला. या वेळी मीही गेलो. दुकानदाराने लांब भिंगाची किंमत आपणहून उतरवली. गिऱ्हाईक काही न बोलता दुकानदार किंमत उतरवतो हे मला बरं वाटेना. तिवई वर फुकट देतो म्हणाला. गनीने लांब भिंग फडक्याने पुसलं आणि काउंटरवर ठेवलं. त्याला ते सोडायचं नव्हतं, हे त्याच्या पुसण्यावरून कळत होतं.

आखूड भिंग मी हातात घेतलं. या वेळी त्याने धरू दिलं. आमच्या हवेत काचेच्या आत बुरशी धरते, म्हणून दारात जाऊन मी ते आभाळाकडे करून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. बुरशी नव्हती. कडेला बारीक चरा होता, तो मी दुकानदाराला दाखवला. तो म्हणाला, त्याने फोटोला काही होत नाही. गनी म्हणाला, होत नाही, मी वापरलंय. मग बिडी आणि चहा वाचवून इतक्या वर्षांत बाजूला पडलेला पगार त्याने त्या वीतभर भिंगासाठी दिला.